पेरणीची तारीख कोण ठरवणार?

इंडोनेशियातल्या गावाची माहिती हवी असेल तर फार विचारपूस करावी लागत नाही. ग्रामकार्यालयाच्या भिंतीवर एक मोठा फलक असतो. लोकसंख्या, कुटुंबं, ओलिताखालची खाचरं, कोरडवाहू जमीन, शाळा, मशिदी, कोणत्या धर्माचे किती, कोणत्या धंद्यातले किती, सगळं रकान्यांत मांडलेलं. बाहेर रस्त्याच्या कडेला दुसरा फलक, फ्लेक्सचा, बहुधा सरपंचाच्या फोटोसकट. त्यावर यंदाचा जमाखर्च. गावाची ओळख लिहिणारे हे दोन्ही फलक उतरवून घेतात, शेवटी 'गाव शांत आहे, लोक मुख्यतः शेती करतात' एवढं वाक्य जोडतात आणि मोकळे होतात.

दक्षिण सुलावेसी प्रांतातली बुगीस लोकांची गावं या साच्यात चटकन बसतात. लाकडी खांबांवर उचललेली घरं, घरामागून थेट सुरू होणारी खाचरं, कालव्याच्या कडेने जाणारी एखादी मोटारसायकल. सिद्राप जिल्ह्यात 2018 मध्ये टेकड्यांवर 30 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून फोटो काढायला येणारेही वाढले. फोटोत गाव आणखीच निवांत दिसतं.

फलकावर एक रकाना मात्र नसतो. यंदा पेरणी कोणत्या आठवड्यात करायची, हे कुणी ठरवलं? बुगीस मुलखात हा प्रश्न शेतकऱ्याचा खासगी प्रश्न कधीच नव्हता. तो गावाचा होता, आणि गावाने एकत्र बसून सोडवायचा होता. आज तो हळूहळू दोन टोकांना ओढला जातोय: एका बाजूला जाकार्ताचं धान्यधोरण, दुसऱ्या बाजूला ज्याच्या खाचराशेजारी पंप आहे तो शेतकरी. मधली बैठक तेवढी नावापुरती उरत चाललीय. ही बैठक पुन्हा अधिकाराची झाली पाहिजे, आणि तसं करायचं तर आधी तिच्यातले जुने दोषही काढावे लागतील, असं माझं मत आहे.

आधी मुलखाबद्दल थोडं. बुगीस म्हटलं की बाहेरच्याला समुद्र आठवतो. सिंगापूरला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या प्रवाशांनी हे नाव मेट्रोच्या स्टेशनावर वाचलेलं असतं. तिथे गलबतं घेऊन येणाऱ्या बुगीस व्यापाऱ्यांवरून ते पडलं. पण या लोकांचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीवर जगला. बोने, सोप्पेंग, वाजो, सिद्राप, पिनरांग हे जिल्हे पूर्व इंडोनेशियाचं कोठार मानले जातात. पिनरांग आणि सिद्रापच्या खाचरांना साद्दांग नदीचं पाणी मिळतं, डच काळात बांधलेल्या बेंतेंग बंधाऱ्यावरून. घराची रचनाही भाताभोवतीच होती. वरचा माळा साळ ठेवायला, मधला मजला माणसांना, आणि खांबांमधली खालची मोकळी जागा जनावरांना, अवजारांना, मागाला. आता माळ्यावर साळ क्वचितच जाते. कापणी झाली की पोती खाचराच्या कडेवरूनच व्यापाऱ्याच्या ट्रकात चढतात. खालच्या जागेत पॉवर टिलर, दोन मोटारसायकली, खताची पोती आणि बांबूचा एक माचा. गावातलं सगळं बोलणं त्या माच्यावर होतं.

हंगामाआधीच्या बैठकीला बुगीस भाषेत तुदांग सिपुलुंग म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून बसणं. शेतकरी गटांचे प्रमुख असतात, पाण्याच्या पाळ्या बघणारे असतात, सरपंच आणि कृषी सहायक असतात. बैठक तालुक्याची किंवा जिल्ह्याची असेल तर पाटबंधारे आणि हवामान खात्याची माणसंही येतात. आणि एक पोथी वाचणारा असतो. लोंतारा लिपीतल्या जुन्या हस्तलिखितांमध्ये पावसापाण्याचे ठोकताळे नोंदलेले आहेत: वर्षाचा पहिला दिवस कोणत्या वारी आला, आठ वर्षांच्या चक्रात हे वर्ष कितवं, त्यावरून पाऊस लवकर की उशिरा, उंदीर फार होतील की रोग. पोथीवाला आपलं सांगतो, हवामान खात्याचा माणूस एल् निनोचा अंदाज सांगतो, म्हातारे मागच्या तीन हंगामांत काय झालं ते सांगतात. मग ठरतं: कालव्याला पाणी कधी सोडायचं, बी कधी टाकायचं, यंदा वाण कोणता, कापणी कोणत्या पंधरवड्यात आणायची.

शहरी माणसाला यातली पोथी दिसते आणि तो या प्रकाराला लोकपरंपरेच्या खणात टाकून देतो. तिथली सरकारी भाषाही तसलीच: 'स्थानिक शहाणपण'. हे दोन शब्द कागदावर आले की समजावं, त्या गोष्टीचं आता फक्त कौतुक होणार. मला स्वतःला पोथीतल्या पावसावर फारसा भरवसा नाही. पण तारीख बरोबर निघाली की चुकली हा या बैठकीतला दुय्यम भाग आहे. सगळ्यांची तारीख एक निघाली, यात खरा लाभ आहे. आणि त्याला विज्ञानाचा भक्कम आधार आहे.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण सुलावेसीत भातावर टुंग्रो रोगाची मोठी साथ आली. रोप पिवळं-नारिंगी पडतं, खुजं राहतं, लोंब्या भरत नाहीत. हा विषाणूंचा रोग, आणि तो हिरव्या तुडतुड्यांमार्फत पसरतो. तुडतुडा रोगट खाचरातून उडतो आणि शेजारच्या कोवळ्या खाचरात उतरतो. रोप कोवळं असताना लागण झाली तर पीक गेलंच. आता समजा, शिवारात कुणी आज पेरतो, कुणी तीन आठवड्यांनी, कुणी दोन महिन्यांनी. मग वर्षभर कुठे ना कुठे कोवळं भात उभं असतं आणि तुडतुड्याला एकही उपाशी दिवस येत नाही. सगळ्यांनी एकाच सुमारास पेरलं, एकाच सुमारास कापलं आणि मध्ये शिवार मोकळं ठेवलं, तर विषाणूची साखळी तुटते. दक्षिण सुलावेसीत नेमकं हेच करण्यात आलं. पेरणी एकसाथ, ती तुडतुड्यांचा जोर नसेल अशा काळात, आणि वाणांची अदलाबदल, म्हणजे एकाच प्रतिकारक वाणावर विसंबून राहायचं नाही. 1980 च्या दशकात टुंग्रो आटोक्यात आला. भातरोगांच्या अभ्यासात हा प्रांत आजही उदाहरण म्हणून दिला जातो. टुंग्रोवर संशोधन करणारं सरकारी केंद्र सिद्रापमधल्या लानरांगलाच उभं राहिलं. एका बाजूला प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला माच्यावरची बैठक, आणि दोघांचं म्हणणं एकच. धोरण करणाऱ्यांना असा योग वारंवार मिळत नाही.

उंदरांचंही तेच. मोकळ्या शिवारात उंदराला खायला राहत नाही, त्याची वीण मंदावते. तण, पाणी, मजुरी, सगळ्यालाच तारखेची शिस्त लागते. कापणीनंतर बदकवाले आपले कळप घेऊन शिवारात उतरतात. शेकडो बदकं खाचरात सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे टिपत पुढे सरकतात आणि अंड्यांचा एक जोडधंदा त्यावर उभा राहतो. शेजारच्या खाचरात पंधरा दिवसांचं रोप असेल तर त्याच कळपावरून भांडण.

तारीख गावाच्या जवळच का ठरावी, जाकार्तात का नाही, याचं उत्तर इथल्या भूगोलात आहे. सुलावेसीच्या या दक्षिण टोकाला मधोमध डोंगर आहेत. पश्चिम किनाऱ्याला मुख्य पाऊस डिसेंबर ते मार्चच्या आसपास. पूर्वेकडे बोने आणि वाजोच्या बाजूला तो एप्रिल ते जुलैमध्ये. सिद्राप दोन्हींच्या मध्ये, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं. एका प्रांतात, काही तासांच्या अंतरावर, एका गावात कापणी आणि दुसऱ्यात पेरणी. राष्ट्रीय आकडेवारीत मात्र देशाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च आणि एप्रिल ते सप्टेंबर असा दोन तुकड्यांत कापलेला. या वेळापत्रकाने हुकूम निघाला की तो एका किनाऱ्याला लवकर पोचतो, दुसऱ्याला उशिरा.

इंडोनेशियात तांदूळ हा सत्तेचा प्रश्न आहे. 1984 मध्ये सुहार्तो सरकारने तांदळाच्या स्वयंपूर्णतेची घोषणा केली, पुढच्या वर्षी रोममध्ये अन्न आणि कृषी संघटनेपुढे सुहार्तोंचं भाषण झालं, आणि 1986 मध्ये तपकिरी तुडतुड्याने जावातलं भात असं खाल्लं की अध्यक्षांना आदेश काढून भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. वर्षभर भातावर भात, एकाच जातीचे वाण, अनुदानातली औषधं, याचा तो परिणाम होता. औषधांनी तुडतुड्याचे शत्रू मेले, तुडतुडा राहिला. तीस-चाळीस वर्षांत विसरण्याइतका हा धडा लहान नव्हता.

पण दबावही खरा आहे. 2023 च्या जुलैमध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि जागतिक बाजार तापला. त्यात एल् निनो. इंडोनेशियाला 2023 मध्ये सुमारे 30 लाख टन आणि 2024 मध्ये सुमारे 45 लाख टन तांदूळ आयात करावा लागला. आपल्याकडे घेतलेला निर्णय नाशिक-नागपूरच्या किराणा दुकानात दिसला असेल-नसेल, तिकडे तो थेट मंत्रिमंडळाच्या बैठकीत दिसला. 2024 मध्ये देशभर पंपवाटपाची मोहीम निघाली. 2025 च्या जानेवारीत ओल्या भाताचा सरकारी खरेदीदर किलोला 6,500 रुपिया झाला, तेव्हाच्या विनिमयदराने साधारण 34 रुपये. प्रतवारीप्रमाणे होणारी कपातही रद्द झाली. त्या वर्षी तांदूळ आयात करायचा नाही, असं सरकारने जाहीर केलं. हे सगळं राबवणारे कृषिमंत्री अम्रान सुलेमान स्वतः बोने जिल्ह्यातले बुगीस.

भाव वाढला याबद्दल तक्रार करणारा मी नाही. 2024-25 च्या हंगामात आपला साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता, हे डोळ्यांसमोर ठेवून तर नाहीच. मला खटकतं ते भावासोबत आलेलं दुसरं लक्ष्य: वर्षाला तीन पिकं. दोनदा पिकवणाऱ्याने तीनदा पिकवावं, कालव्याचं पाणी नसेल तर पंपाने उपसावं. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचं मूल्यमापन किती हेक्टर लावले यावर होणार असेल, तर शिवार मोकळं ठेवण्याचा महिना त्याच्या लेखी वाया गेलेला महिना. बैठकीत ठरलेला विसावा त्याच्या तक्त्यात तूट म्हणून दिसतो.

पंपवाल्या शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती हलकी नाही. तो म्हणेल: अर्धा हेक्टर माझा, डिझेलचे पैसे माझे, जमिनीखालचं पाणी काही गावाचं नाही; पोथीवाल्याची तारीख मागच्या वेळी चुकली तेव्हा नुकसान मी सोसलं, बैठकीने सोसलं नाही. भाव वर आहे तोवर एक पीक जास्त काढलं तर मुलीची फी निघते. शिवाय पाऊस आता पोथीचं ऐकत नाही, हवामान खात्याचंही फारसं ऐकत नाही. अशा काळात सगळ्या गावाने एकाच तारखेवर डाव लावायचा आणि तारीख फसली तर सगळ्यांनी मिळून बुडायचं, यात कसलं शहाणपण?

या युक्तिवादातला शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. त्याचं उत्तर मी असं देईन: एक तारीख म्हणजे एकच दिवस असा कुणाचाच आग्रह नव्हता. पंधरवड्याची खिडकी असते, आणि पाऊस हुकला तर ती पुढे ढकलायला पुन्हा बसता येतं. पाण्याच्या एका पाटावरची खाचरं एका गटात धरली तर गावात दोन तारखाही चालतात. त्याच्या बाकीच्या मुद्द्यांचं मात्र कठीण आहे. त्याच्या खाचरातला तुडतुडा त्याच्या बांधावर थांबत नाही. तिसऱ्या पिकाचा फायदा एकट्याचा, रोगाची वर्गणी सगळ्यांची. आणि ही वर्गणी आधी भरतो तो टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी, ज्याच्याकडे ना पंप, ना कालव्याचं पुरेसं पाणी.

यंत्राचंही गंमतीशीर आहे. हार्वेस्टर आल्यावर सामूहिक कापणीची गरज संपली, असं सहज बोललं जातं. पण या शिवारात आतल्या खाचरांना रस्ता नाही. हार्वेस्टरला पाचव्या खाचरात पोचायचं तर पहिली चार कापून झालेली हवीत. शेजाऱ्याचं भात अजून हिरवं असेल तर यंत्र बांधावर उभं. जुन्या काळी लोंबी लोंबी कापणाऱ्या बायकांना कुठल्याही खाचरात शिरता यायचं; आजच्या यंत्राला शेजाऱ्याशी जुळवून घ्यावंच लागतं. एकसाथ पेरणीची गरज त्यामुळे उलट वाढली आहे.

आता बैठकीच्या दोषांकडे. तिचं गुणगान करणारे इथे गप्प होतात. तुदांग सिपुलुंगमध्ये बसतं कोण? ज्याची जमीन आहे तो, ज्याच्या नावामागे सरदारकीची 'आंदी' ही उपाधी आहे तो, खात्याचा माणूस. अर्धेलीने कसणारा बसला तरी मागे बसतो. बायका बहुतेक स्वयंपाकात. जिल्ह्याच्या पातळीवरची बैठक तर कधीच समारंभ झालीय: मंडप, फ्लेक्स, जिल्हाप्रमुखाचं भाषण, पुठ्ठ्याच्या खोक्यातलं जेवण. तारीख आधीच खात्यात ठरलेली असते आणि पोथीवाला ती गोड आवाजात वाचून दाखवतो.

त्याहून मोठा दोष म्हणजे बैठकीच्या विषयपत्रिकेत काय नसतं तो. हार्वेस्टर आले तेव्हा कापणीवर जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबांचं काय, हे कुठल्या हंगामाच्या अजेंड्यावर होतं? पूर्वी कापणाऱ्याला भाताचा वाटा मिळे. त्या वाटणीत दया नव्हती, हक्क होता. आता वाटा यंत्रवाल्याकडे जातो, पोत्यांच्या हिशोबाने. कुळाचा वाटा किती असावा याचा कायदा इंडोनेशियात 1960 पासून आहे, आणि कुठल्याच गावात त्याच्या प्रतीवरची धूळ झटकली जात नाही. खरेदीदर वाढला की त्यातला किती भाग कसणाऱ्याच्या हाती राहणार आणि किती मालक खंड वाढवून काढून घेणार, हा प्रश्न पेरणीच्या तारखेइतकाच सामूहिक आहे.

मालक तरी गावात आहे का? बुगीस माणूस मुळातच बाहेर पडणारा. मलाया, बोर्निओ, सुमात्रा, जिथे जमीन किंवा धंदा दिसेल तिथे वस्ती करायची, ही शतकांची रीत. 1980 नंतर सुलावेसीत कोकोच्या बागा फोफावल्या त्यात मलेशियाच्या साबाहमधून परतलेल्या बुगीस मजुरांचा मोठा वाटा होता. आजचे तरुण मध्य सुलावेसीतल्या मोरोवालीच्या निकेल कारखान्यांत जातात. गाव निवांत दिसण्याचं एक कारण हेही आहे: ज्यांना इथे जमीन नाही आणि ज्यांचा आवाज चढला असता, ते जहाजाने निघून गेलेत. पैसे येतात, घराला नवा रंग लागतो, खाचरं विकत घेतली जातात, आणि नवा मालक तारीख फोनवरून कळवतो.

शांततेबद्दलच बोलायचं तर सिद्रापमधल्या अम्पारिताचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथल्या फलकावर हिंदूंचा आकडा दिसतो. मराठी वाचक चमकेल, पण हे लोक तोलोतांग, अस्सल बुगीस. सतराव्या शतकात वाजोच्या राजाने इस्लामची सक्ती केली तेव्हा त्यांचे पूर्वज तिथून निघाले. आजच्या सिद्रापमधलं जुनं राज्य म्हणजे सिदेनरेंग; तिथल्या राजाने त्यांना आसरा दिला तो करार करून: लग्न आणि अंत्यविधी इस्लामी पद्धतीने, बाकी श्रद्धा तुमची. पुढे नव्या राज्यसंस्थेला फक्त ठरावीक धर्म मान्य होते, म्हणून 1966 मध्ये त्यांची नोंद हिंदू म्हणून झाली. दर जानेवारीत ते आपल्या आद्य पूर्वज स्त्रीच्या समाधीशी जमतात. 2017 मध्ये घटना न्यायालयाने पारंपरिक श्रद्धेची ओळखपत्रावर नोंद करायला मोकळीक दिली, तरी फलकावरचा रकाना कुठल्या अटींवर भरला गेला ते फलक सांगत नाही. या मुलखात 1950 ते 1965 कहार मुझक्कर या बंडखोर नेत्याचं सरकारविरुद्धचं बंड चाललं, गावं जळली, माणसं परागंदा झाली. त्यानंतरची शांतता ही अशा तडजोडींची बेरीज आहे, आणि कुणाला बोलावलं, कुणाला वगळलं यावर ती अवलंबून आहे. पेरणीची बैठक त्याच जातीची.

मग करायचं काय? पहिली गोष्ट पाण्याची. इंडोनेशियात 3,000 हेक्टरांहून मोठी सिंचन योजना केंद्राची, 1,000 ते 3,000 पर्यंतची प्रांताची, त्याखालची जिल्ह्याची. गावाच्या हाती उरते शेवटची चारी आणि ती साफ करण्याचं काम. 2014 च्या ग्रामकायद्याने गावसभेला निधीवर अधिकार दिला, 2024 च्या दुरुस्तीने सरपंचाची मुदत आठ वर्षांची केली, पण कालव्याचं दार अजून वरच्यांच्याच हाती आहे. एका पाटावरच्या गावांनी मिळून ठरवलेली खिडकी कालव्याच्या आवर्तनाला बांधील असली पाहिजे. अनुदानाचं खत आणि सरकारी पंपही त्याच खिडकीत मिळावेत. आज होतं उलटं: खत आलं की पेरणी, मंत्री आले की पेरणी.

दुसरी गोष्ट बसण्याची. ज्या बैठकीचा निर्णय बांधील होणार, तिथे कसणारी कुळं, कापणीचे मजूर आणि बायका नावानिशी हव्यात, आणि हार्वेस्टरचा वाटा, खंड, पंपाचं भाडं हे विषय तारखेबरोबर यायला हवेत. सिद्राप जिल्हा स्वतःला नेने मल्लोमोची भूमी म्हणवतो. सिदेनरेंगच्या या जुन्या न्यायाधीशाची गोष्ट तिथलं पोरगंही सांगतं: पिकं बुडत राहिली, त्याने कारण शोधलं, तर त्याच्याच मुलाने नांगर दुरुस्त करायला दुसऱ्याचं लाकूड न विचारता उचललेलं. त्याने मुलाला मृत्युदंड दिला. कायद्याला ना मूल ना नातू, हे त्याचं वचन. एवढं कठोर कुणी होऊ नये. पण सरपंचाच्या मेहुण्याचा पंप बैठकीच्या तारखेला बांधील आहे की नाही, इतपत तरी विचारता यावं.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि माझ्या मते हीच निर्णायक. शिवार मोकळं ठेवण्याची किंमत पंपवाल्याने एकट्याने का सोसावी? 2022 मध्ये केंद्राच्या ग्रामनिधीतला किमान 20 टक्के भाग अन्नसुरक्षेसाठी राखायला सरकारनेच सांगितलं होतं. गावोगावी त्यातून कोंबड्या, मासे, रोपं वाटली गेली; फोटो छान आले. या पैशातून तिसरं पीक न घेणाऱ्याला भरपाई द्यावी, किंवा त्या महिन्यांत मूग, मका घेणाऱ्याला बियाणं आणि खरेदीची हमी द्यावी. टुंग्रोपासून वाचलेलं शिवार हीसुद्धा अन्नसुरक्षाच. हेक्टरी किती द्यायचं हे मात्र वरून ठरवू नये. पंपवाले जास्त मागतील, टेलचे म्हणतील एवढे कशाला, कुळं विचारतील की भरपाई मालकाला की आम्हाला. दोन-तीन बैठका त्यातच जातील, आणि बियाणं भिजत घालायच्या आधी त्या उरकायच्या तर निदान महिनाभर आधी बसावं लागेल.